पृथ्वीच्या पोटातला निरोप वाचणारा : रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

एस. वाय. बी. ए. (भूगोल)

निफाडचे नाव निघाले की जाणत्या माणसाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आठवतात. १८४२ साली त्यांचा जन्म या गावात झाला. वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा आम्हा बहुतेकांच्या मनात प्रथम रानडेच आले, यात नवल नाही. मी मात्र ज्या माणसाचे चरित्र निवडले आहे त्याचा निफाडशी तसा काही संबंध नाही. परंतु भूगोलाच्या पुस्तकातील पृथ्वीच्या अंतरंगाची जी आकृती आपण परीक्षेत काढतो आणि जिला पाच-सहा गुण मिळवतो, तिच्यामागे हा माणूस उभा आहे. भूशास्त्राच्या जगात ख्यातनाम असलेले ते नाव म्हणजे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याला लहरी आणि तरंग यांच्याशी काय कर्तव्य? ती विज्ञानवाल्यांची मिरास! पण ज्या जमिनीवर आपण घर बांधतो, विहीर खणतो आणि रात्री निर्धास्त झोपतो, ती जमीन काही शाखा पाहून हादरत नाही. म्हणून हा प्रपंच.

घराणे आणि वारसा

ओल्डहॅम यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम हे स्वतः नामांकित भूशास्त्रज्ञ होते. हिंदुस्थानात कोळसा कोठे आणि किती आहे याचा शोध कंपनी सरकारला हवा होता. त्यासाठी थॉमस ओल्डहॅम यांना बोलावण्यात आले आणि १८५१ मध्ये कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था सुरू झाली. पुढे पाव शतक, म्हणजे १८७६ पर्यंत, तेच तिचे प्रमुख होते.

थॉमस यांना एक वेगळाच नाद होता. हिंदुस्थानात कुठे, कधी, केवढा भूकंप झाला याच्या नोंदी ते जमवीत. १० जानेवारी १८६९ रोजी आसामातील काचार भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी स्वतः त्याची पाहणी केली. परंतु ते सारे लेखन छापून निघण्याआधीच १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुलाचे शिक्षण इंग्लंडमध्ये रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत आणि नंतर लंडनच्या खाणकाम महाविद्यालयात झाले. वडील गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, एकविसाव्या वर्षाचा रिचर्ड वडिलांनी उभारलेल्या त्याच खात्यात नोकरीला लागला. तेथे त्याने वडिलांचे कागद बाहेर काढले, त्यांची जुळणी केली आणि काचारच्या भूकंपाचा वृत्तांत १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. अगदी प्राचीन काळापासून १८६९ अखेरपर्यंतच्या भारतीय भूकंपांची यादी १८८३ मध्ये निघाली. वडिलांच्या श्राद्धाला यापेक्षा चांगले पान कोण वाढणार?

हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबलो. माझे वडील चौथीतून शाळा सोडून दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला लागले. आमच्या घरात मागे ठेवायला वह्या नाहीत. ओल्डहॅम यांना खात्याची वाट वडिलांनी आखून दिली होती, हे मान्यच केले पाहिजे. पण तयार वाटेवर चालणारे पुष्कळ असतात, ती वाट पुढे नेणारे थोडे. हे थोडेपण ओल्डहॅम यांच्याकडे होते.

डोंगरदऱ्यांतील चोवीस वर्षे

पुढची सुमारे चोवीस वर्षे त्यांनी या देशात काढली. हिमालयाची रचना, शोण नदीचे खोरे, देशातील गरम पाण्याचे झरे अशा नाना विषयांवर त्यांनी लिहिले. भारताच्या भूशास्त्रावरील मूळ मोठा ग्रंथ पुन्हा लिहून काढून त्याची दुसरी आवृत्ती त्यांनी १८९३ मध्ये सिद्ध केली. थंडीत डोंगरात तंबू ठोकायचे, दगड फोडायचे, नकाशे भरायचे आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात कचेरीत बसून अहवाल लिहायचा, असा त्या खात्यातील माणसांचा क्रम असे. ते तंबू वाहणारे खलाशी आणि हमाल आपल्याच देशातले होते. त्यांची नावे इतिहासात उरली नाहीत. माझ्या घराण्यातले कुणी त्या काळी तिथे असते, तर ते ओझे वाहणाऱ्यांतच असते, याची मला जाणीव आहे. तरीही त्या तंबूत बसून जे ज्ञान मिळवले गेले ते आज माझ्या पुस्तकात आहे, आणि ते वाचण्याचा हक्क मला आहे, हेही तितकेच खरे.

१२ जून १८९७

ओल्डहॅम यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा दिवस हा. त्या सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास आसामची धरती हादरली. शिलाँग ही तेव्हाची आसामची राजधानी. तिथली दगडी घरे क्षणार्धात भुईसपाट झाली. चेरापुंजीकडे दरडी कोसळून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. सुमारे दीड लाख चौरस मैलांच्या प्रदेशात पक्क्या इमारतींची नासधूस झाली आणि सुमारे साडेसतरा लाख चौरस मैलांत धक्का जाणवला. मृतांची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. एवढ्या प्रचंड भूकंपाच्या मानाने ती कमी राहिली, कारण वेळ सायंकाळची होती आणि माणसे घराबाहेर होती.

ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी त्या मुलुखात फिरले. कोणती भिंत कोणत्या बाजूला पडली, थडग्यावरचा दगड किती फिरला, रेल्वेचे रूळ कसे वाकले, हे सारे त्यांनी टिपून घेतले. काही ठिकाणी जमिनीत रुतलेले मोठे धोंडे आपल्या खळग्याच्या कडा न मोडता वर उडून बाजूला पडलेले दिसले. याचा अर्थ जमीन इतक्या जोराने वर उसळली होती की धोंड्याचे वजन त्यापुढे हरले. चेद्रांग नदीच्या काठी जमीन चिरून एक बाजू दुसरीपेक्षा पस्तीस फुटांपर्यंत वर आली होती. या सगळ्याचा मोठा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. भूकंपाचा अभ्यास कसा करावा याचा तो वस्तुपाठच समजला जातो.

लहरींचे दोन स्वभाव

परंतु ओल्डहॅम यांची खरी कीर्ती पडलेल्या भिंतींवर उभी नाही. ती उभी आहे आसामपासून सुमारे सात हजार किलोमीटर दूर, इटलीतल्या वेधशाळांत उमटलेल्या काही वेड्यावाकड्या रेघांवर. त्या रेघा समजून घ्यायच्या तर आधी लहरींचे दोन प्रकार समजले पाहिजेत.

निफाड स्टेशनवर मालगाडी उभी असते. इंजिन हिसका देते. पहिला डबा दुसऱ्याला धडकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि खडखडाट शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. प्रत्येक डबा मात्र हात-दोन हात पुढे-मागे सरकतो, एवढेच. धक्का ज्या दिशेला धावतो त्याच दिशेला डबाही हलतो. अशा लहरीला अनुतरंग म्हणतात. आवाज ही हवेतील अशीच लहर. हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते.

आता बैल हाकणाऱ्याच्या हातातला कासरा पाहा. तो वर-खाली झटकला की एक वळसा कासऱ्यावरून बैलाच्या दिशेने पळत जातो. वळसा पळतो पुढे, पण दोर हलतो वर-खाली, म्हणजे पळण्याच्या दिशेशी काटकोनात. ही अवतरंगाची तऱ्हा.

भूकंप झाला की जमिनीच्या पोटातून या दोन्ही लहरी एकाच वेळी निघतात. पण दोघींचा वेग सारखा नसतो. खडक दाबायला फार कठीण असतो, त्या मानाने आडवा मुरडायला सोपा. जो पदार्थ जास्त विरोध करतो त्यातून लहर जास्त वेगाने जाते. म्हणून दाबणारी अनुतरंग लहर पुढे निघते आणि मुरडणारी अवतरंग लहर मागे पडते. साधारण खडकात पहिली सेकंदाला सहा किलोमीटर धावली तर दुसरी साडेतीन. पहिली म्हणून ती प्राथमिक, दुसरी म्हणून ती दुय्यम, अशी नावे आपण पाठ करतो.

आणखी एक भेद फार महत्त्वाचा आहे. पाणी दाबले तर ते विरोध करते, पण आडवे मुरडले तर मुळीच करत नाही. कॅनॉलच्या पाण्यात हात आडवा फिरवा, पाणी निमूट वाट देते आणि पुन्हा पूर्वीच्या आकारात येण्याची धडपड करत नाही. जिथे मुरडीला विरोध नाही तिथे अवतरंग जगूच शकत नाही. म्हणून अनुतरंग घन, द्रव, वायू या तिन्हींतून जातो. भूकंपाचा अवतरंग मात्र फक्त घन पदार्थातून जातो. प्रकाशही अवतरंगच आहे, पण त्याला पदार्थाची गरज लागत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब निराळा.

आमच्याकडे विहिरीला सुरुंग लावतात, तेव्हा दूरच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आधी तळपायाला हादरा कळतो आणि मग कानाला बार ऐकू येतो. खडकातली लहर हवेतल्या आवाजाच्या किती तरी पट वेगाने आलेली असते. एका घटनेचे दोन निरोप दोन वेळी पोचतात, ही गोष्ट विहीर खणणाऱ्या माणसाला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

रेघांतून उकललेले कोडे

घन पदार्थात लहरी दोन प्रकारच्या असणार हे फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गणिताने दाखवले होते. पृष्ठभागावरून जाणारी तिसरी लहर लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये कागदावर मांडली. १८८९ मध्ये तर जपानच्या भूकंपाची रेघ जर्मनीत पॉट्सडॅम येथील यंत्रावर उमटली होती. म्हणजे गणित होते, यंत्रे होती. या दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

ती ओल्डहॅम यांनी घातली. आसामच्या भूकंपाच्या इटलीतील नोंदी समोर ठेवल्यावर त्यांना दिसले की आधी एक बारीक थरथर येते, ती ओसरू लागते तोच दुसरी अधिक जोराची येते आणि शेवटी मोठमोठ्या संथ लाटा येतात. आजच्या गणनेप्रमाणे तेवढ्या अंतरावर पहिली लहर दहा-अकरा मिनिटांत आणि दुसरी एकोणीस-वीस मिनिटांत पोचते. इतर मोठ्या भूकंपांच्या नोंदीही त्यांनी तपासल्या आणि अंतर व वेळ यांचे आलेख काढले. तिसऱ्या लहरीचा वेळ पृष्ठभागावरील अंतराच्या प्रमाणात वाढत होता, तेव्हा ती वरूनच जाते हे उघड झाले. पहिल्या दोघींचा वेळ मात्र त्या प्रमाणात वाढत नव्हता. दूर जावे तसा त्यांचा वेग वाढल्यासारखा दिसे. याचा अर्थ त्या पृथ्वीच्या पोटातून, खोल आणि अधिक कठीण थरांतून वाट काढत जात होत्या. पहिली ती अनुतरंग, दुसरी ती अवतरंग, हे त्यांनी १९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गणितातल्या लहरी प्रथमच खऱ्या पृथ्वीत ओळखल्या गेल्या.

त्याच भूकंपानंतर हिंदुस्थानातही यंत्रे बसली. १८९८-९९ च्या सुमारास कलकत्त्याजवळ अलीपूर, मुंबईची कुलाबा वेधशाळा आणि दक्षिणेत कोडाईकनाल येथे भूकंपमापक आले. आपल्या महाराष्ट्रातील भूकंपनोंदीची परंपरा ही अशी आसामच्या आपत्तीतून सुरू झाली.

पृथ्वीचा गाभा

१९०३ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ओल्डहॅम यांनी वेळेआधीच नोकरी सोडली आणि ते इंग्लंडला परतले. पंचेचाळीस वर्षांचा, आजारी, हाताखाली खाते नसलेला माणूस. आता पुरे म्हणाला असता तर कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी घेतल्या आणि पुन्हा अंतर व वेळ यांचा मेळ घालायला बसले.

भूकंपाच्या ठिकाणापासून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला असलेल्या ठाण्यांवर लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचत होत्या. जी लहर जितकी खोल जाई तितकी वेगाने धावे, हा आतापर्यंतचा अनुभव. मग अगदी मध्यातून जाणारी लहर रेंगाळते का? वाटेत काहीतरी वेगळा पदार्थ असला पाहिजे. १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी जाहीर केले की पृथ्वीच्या मध्यभागी भिन्न द्रव्याचा गाभा आहे आणि त्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश आहे. आज ती ३,४८० किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक मानली जाते. आकडा पुढे सुधारला, पण गाभा आहे हे लहरींवरून प्रथम दाखवून दिले ते ओल्डहॅम यांनी. कोणीही तिथे गेलेला नाही, कोणी जाणारही नाही. त्यांनी वैद्याने नाडी पाहावी तशी पृथ्वीची नाडी पाहिली.

पुढची मजल इतरांनी मारली. गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर निश्चित केली. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गाभा द्रव असल्याचे दाखवले. अवतरंग त्यातून पार होत नाहीत, ही गोष्ट त्याच्याशी जुळणारीच होती. ओल्डहॅम यांचे १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये निधन झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने त्या गाभ्याच्या आतही आणखी एक अंतर्गाभा असल्याचे सिद्ध केले. योगायोग म्हणावा तर असा!

उत्तरायुष्यात त्यांना मान पुष्कळ मिळाले. १९०८ मध्ये लायल पदक, १९११ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९२० ते १९२२ लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेचे अध्यक्षपद. हवा मानवावी म्हणून ते दक्षिण फ्रान्समध्ये जाऊन राहत. तिथेही स्वस्थ न बसता ऱ्होन नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या जुन्या नकाशांवर त्यांनी लेखन केले. १८१९ च्या कच्छच्या भूकंपाचाही त्यांनी उतारवयात नव्याने विचार केला. इतिहास आणि भूगोल हे विषय शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून कळावे की शास्त्रज्ञालाही जुने कागद वाचावे लागतात.

आपल्या दारात

हे सगळे आसामचे आणि विलायतेचे झाले. महाराष्ट्राचे काय? दख्खनचे पठार म्हणजे काळ्या फत्तराचे, अचल, अशी आपली समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने ती मोडली. सुमारे १८० माणसे मेली आणि धरणाच्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो, हा प्रश्न जगाच्या चर्चेत आला. कोयना आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तेवढ्या अंतरावर पहिली लहर पन्नासेक सेकंदांत येते आणि दुसरी तिच्यानंतर अर्ध्या मिनिटाने. या दोघींमधले सेकंद मोजून त्यांना आठाने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा ठोकळ अंदाज निघतो. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिला आपण मेरी म्हणून ओळखतो. पेठ-सुरगाण्याकडे जमीन जराशी हलली की वर्तमानपत्रात मेरीने दिलेला आकडा येतो. तो आकडा काढणारी रीत म्हणजे ओल्डहॅम यांच्या दोन लहरींचाच हिशेब.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. लोक दमून झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हादरली आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. आमच्या वस्तीवर ऊसतोडीला येणाऱ्या, मूळच्या लातूरकडच्या एका आजींनी मला ती रात्र सांगितली आहे. आधी खालून जात्याची घरघर यावी तसा आवाज आला, कूस बदलेपर्यंत भिंती झुलल्या आणि माळवद खाली आले. तो आवाज दैवाचा कोप होता असे त्या मानतात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण ती घरघर अनुतरंगाची होती आणि भिंती झुलवणारा अवतरंग होता, हे मला ओल्डहॅम यांच्यामुळे समजले.

दगड-मातीची भिंत वरचे ओझे वर्षानुवर्षे पेलते, आडवा हिसका मात्र तिला सोसत नाही. अवतरंग नेमका आडवा हिसका देतो. त्या भिंतीवर जाड मातीचे माळवद असले की घराचीच कबर होते. आसामात सायंकाळ होती, किल्लारीत पहाट. एवढ्याशा फरकाने किती जीव गेले हे पाहिले की मन सुन्न होते. जपानमध्ये २००७ पासून पहिली लहर यंत्राने टिपून दुसरी येण्याआधी लोकांना इशारा देण्याची व्यवस्था आहे. दूरच्या गावांना त्यातून काही सेकंद मिळतात. केंद्राजवळच्या गावाला मात्र ते मिळत नाहीत, कारण तिथे दोन लहरींत अंतरच उरत नाही. त्या गावाला वाचवणारी गोष्ट एकच. भिंतीचे कोपरे नीट बांधलेले, सभोवती पट्टा घातलेले आणि डोक्यावर हलके छप्पर असलेले घर.

मित्रहो, ओल्डहॅम हे काही लढाई जिंकलेले वीर नव्हते, समाजसुधारकही नव्हते. परक्या सरकारचे ते नोकर होते. पण पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून फिरताना त्यांनी केवळ हळहळ केली नाही, तर प्रत्येक दगडाची दिशा लिहून ठेवली, आणि त्या नोंदी दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील अशा नीट मांडल्या. वडिलांच्या वह्या त्यांनी पुऱ्या केल्या, त्यांचे काम जेफ्रीज-लेमान यांनी पुढे नेले. विद्या अशीच हातोहात पुढे जाते. ज्यांच्या घरात ती पहिल्यांदाच आली आहे, अशा आपल्यासारख्यांनी ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत टाकून मोकळे होऊ नये. गावात कुणी नवे घर बांधायला काढले, तर गवंड्याजवळ उभे राहून कोपऱ्याचा आणि पट्ट्याचा विषय काढावा. भूगोलाच्या पदवीला तेवढा अर्थ तरी असलाच पाहिजे.